राशिद खानला काय विचारायचं आणि कुणाला काय विचारायचं

अफगाणिस्तानची मॅच आली की फेसबुकवर दोन प्रकारच्या पोस्टी फिरायला लागतात. पहिल्या प्रकारात राशिद खानचा फोटो आणि त्याखाली निर्वासितांच्या छावणीपासून आयपीएलच्या कोट्यवधी रुपयांपर्यंतची प्रेरणादायी गोष्ट. दुसऱ्या प्रकारात तोच फोटो आणि त्याखाली सवाल, की तिकडं पोरींना शाळेत जाऊ देत नाहीत आणि तुम्ही टाळ्या कसल्या वाजवताय?

मंडळी, पंचाईत अशी आहे की दोन्ही पोस्टींमधली माहिती खरी आहे. एक खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. मी या माणसाची गोलंदाजी आवडीनं बघतो आणि मला मुलीही आहेत, त्यामुळं हा प्रश्न मला टाळता येत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. लांबलंय, पण वाचा.

आधी क्रिकेटचं बोलू.

राशिदचा जन्म सप्टेंबर १९९८ चा, पूर्व अफगाणिस्तानातल्या नंगरहार प्रांतातला. युद्धामुळं घरदार सोडून कुटुंब पाकिस्तानात गेलं, काही वर्षं तिथं निर्वासित म्हणून राहिलं, मग परत आलं. अफगाणिस्तानात क्रिकेट रुजलं ते या छावण्यांमधूनच. ब्रिटिशांनी जिथं जिथं राज्य केलं तिथं हा खेळ ठेवून गेले; अफगाणिस्तानात मात्र तो पेशावरच्या आसपास वाढलेल्या पोरांनी परत येताना सोबत आणला. हे लक्षात ठेवा, कारण पुढं त्याचा संबंध येणार आहे.

ऑक्टोबर २०१५ मध्ये झिम्बाब्वेविरुद्ध बुलावायोला तो पहिली आंतरराष्ट्रीय वनडे खेळला तेव्हा सतरा वर्षांचा होता. फेब्रुवारी २०१७ च्या आयपीएल लिलावात सनरायझर्स हैदराबादनं त्याला ४ कोटींना घेतलं. त्याच लिलावात मोहम्मद नबीही गेला. आयपीएलमध्ये आलेले हे पहिले दोन अफगाण. तेव्हा आपल्याकडं बऱ्याच जणांनी 'हा कोण?' असं विचारलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये त्यानं वेस्ट इंडीजविरुद्ध सेंट लुशियात १८ धावांत ७ बळी घेतले. मग कुणी विचारलं नाही.

त्याची गोलंदाजी समजायला सोपी, खेळायला अवघड. शेन वॉर्नसारखा हातभर वळणारा लेगब्रेक त्याच्याकडं नाही. आपल्या पिढीला समजेल असं सांगायचं तर तो कुंबळेच्या जवळचा. चेंडू हवेतून वेगानं येतो, टप्पा पडल्यावर फार वळत नाही, पण कुठल्या बाजूला वळणार हे कळत नाही. हात इतक्या वेगात फिरतो की मनगट बघून अंदाज बांधायला वेळच मिळत नाही. लेगब्रेक आणि गुगली दोन्ही जवळपास एकाच ॲक्शनमध्ये आणि एकाच वेगात. म्हणून तर त्याचे इतके बळी त्रिफळाचीत किंवा पायचीत असतात. फलंदाज आतल्या चेंडूला बाहेरचा समजून खेळलेला असतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्यानं ड्वेन ब्राव्होचा ६३१ बळींचा विक्रम मोडला आणि टी-२० मध्ये जगात सगळ्यात जास्त बळी घेणारा गोलंदाज झाला. यात देशाकडून आणि जगभरच्या लीगमध्ये घेतलेले सगळे बळी आले.

इथं लोक म्हणतात, हा लीगवाला, पैशासाठी फिरणारा. त्यांना एक-दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

जून २०१८ मध्ये अफगाणिस्तान पहिली कसोटी खेळलं ते आपल्याविरुद्ध, बंगळूरला. मॅच दोन दिवसांत संपली. राशिदनं १५४ धावा देऊन २ बळी घेतले. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये मँचेस्टरला इंग्लंडविरुद्ध ९ षटकांत ११० धावा दिल्या, एकही बळी नाही. मॉर्गननं त्या दिवशी १७ षटकार मारले. ज्याचं पोट लीगवर भरलेलं आहे तो असल्या दिवसांनंतर कसोटीकडं ढुंकून बघणार नाही. हा बघत राहिला. मँचेस्टरनंतर तीन महिन्यांच्या आत, सप्टेंबर २०१९ मध्ये, तो चट्टोग्रामला बांगलादेशविरुद्ध कसोटी संघाचा कर्णधार म्हणून उतरला. वय पुरतं एकवीस नव्हतं. एक अर्धशतक, दोन्ही डावांत मिळून ११ बळी, आणि अफगाणिस्तान २२४ धावांनी जिंकलं. २०२१ मध्ये अबुधाबीत झिम्बाब्वेविरुद्धच्या एका कसोटीत त्यानं जवळपास शंभर षटकं टाकली. टी-२० मध्ये चार षटकांचे पैसे घेणाऱ्या माणसानं एका कसोटीत शंभर षटकं टाकणं म्हणजे काय, ते ज्यानं गल्लीत का होईना पण सलग दहा ओव्हर टाकल्यात त्याला विचारा.

आणि हे सगळं घराबाहेर. राशिद खान आजवर स्वतःच्या देशात एकही अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला नाही. कुणीच खेळलेलं नाही, कारण तिथं सामने होतच नाहीत. त्यांचं 'होम ग्राउंड' कधी ग्रेटर नोएडा, कधी देहरादून, कधी लखनौ, कधी शारजा. आपण वानखेडे किंवा ईडन गार्डन्सबद्दल बोलतो तसं बोलायला त्यांच्याकडं मैदानच नाही. मे २०१८ मध्ये जलालाबादच्या क्रिकेट मैदानावर बॉम्बस्फोट झाले, माणसं मेली. आठवड्याभरात ईडन गार्डन्सवर आयपीएलच्या क्वालिफायरमध्ये राशिदनं १० चेंडूंत ३४ धावा केल्या आणि १९ धावांत ३ बळी घेतले. सामनावीराचा पुरस्कार त्यानं त्या स्फोटांत गेलेल्यांना अर्पण केला.

३० ऑक्टोबर २०२३ ला मी गहुंजेच्या स्टेडियमवर होतो. वर्ल्ड कपची मॅच, अफगाणिस्तान विरुद्ध श्रीलंका. राशिदची ती शंभरावी वनडे. त्यानं त्या दिवशी एकच बळी घेतला, पण अफगाणिस्ताननं ७ गडी राखून सामना काढला. पुण्यात अफगाण विद्यार्थी बरेच आहेत हे पुणेकरांना ठाऊक आहे. ते झेंडे घेऊन आलेच होते. गंमत म्हणजे त्यांच्या बरोबरीनं ओरडणारी निम्मी माणसं पिंपरी-चिंचवड आणि तळेगावची होती. माझ्या शेजारच्या आजोबांनी तर 'राशिद, टाक रे गुगली' असा आवाज दिला, जसं काही तो हिंजवडीचाच पोरगा. आठवड्यानं वानखेडेवर ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१ होती आणि मग मॅक्सवेलनं एका पायावर उभं राहून नाबाद २०१ केले. त्या रात्री आमच्या घरी जेवणं नीट झाली नाहीत.

याच वर्ल्ड कपच्या सुरुवातीला हेरातमध्ये मोठा भूकंप झाला होता. राशिदनं स्पर्धेची आपली सगळी मॅच फी तिकडं देऊन टाकली.

आता दुसऱ्या पोस्टीकडं येतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये अफगाण क्रिकेट बोर्डानं २५ महिला खेळाडूंना करार दिले होते. संघ उभा राहत होता. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये शिरलं आणि तो संघ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळता संपला. बहुतेक मुली देश सोडून ऑस्ट्रेलियात पोचल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये मुलांच्या माध्यमिक शाळा उघडल्या, मुलींच्या उघडल्या नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं बंद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षणही बंद केलं. म्हणजे काही प्रांतांत पुरुष डॉक्टरकडं बाईनं जायचं नाही आणि बाईनं डॉक्टर, नर्स, सुईणही व्हायचं नाही. मग बाळंतपणात बाईनं करायचं काय, याचं उत्तर कुणी देत नाही.

आयसीसीच्या नियमानुसार पूर्ण सदस्य देशाकडं महिला क्रिकेट असलं पाहिजे. अफगाणिस्तानला २०१७ मध्ये पूर्ण सदस्यत्व मिळालं ते या बाबतीत सवलत देऊनच, की पुढं होईल. आता पुढं होण्याची शक्यताच कायद्यानं बंद केली आहे आणि सदस्यत्व तसंच चालू आहे.

ऑस्ट्रेलियानं २०२१ ची होबार्टची कसोटी पुढं ढकलली, मार्च २०२३ ची वनडे मालिका रद्द केली, नंतर टी-२० मालिकाही ढकलली. कारण सांगितलं महिलांवरची बंधनं. वनडे मालिका रद्द झाल्यावर राशिद चिडला. क्रिकेट ही आमच्या देशाची एकमेव आशा आहे, यात राजकारण आणू नका, आणि आमच्याशी खेळायला तुम्हाला इतकं अवघड वाटत असेल तर बिग बॅश खेळायचं का याचा मी विचार करीन, असा त्याचा सूर होता. त्या वेळी अनेकांना त्याचा राग आला. मलाही पटलं नव्हतं. मुलींचं शिक्षण हे 'राजकारण' कसं?

पण ऑस्ट्रेलियाचंही बघा. द्विपक्षीय मालिकेला नैतिकता आडवी येते आणि वर्ल्ड कपला येत नाही. वानखेडेवर खेळले, २०२४ च्या टी-२० वर्ल्ड कपमध्ये किंग्सटाउनला खेळले आणि तिथं २१ धावांनी हरले. गुण बुडणार नसतील तेवढ्यापुरताच बहिष्कार. याला तत्त्व म्हणायचं की सोय, तुम्ही ठरवा.

त्याच वर्ल्ड कपमध्ये राशिदच्या कप्तानीखाली अफगाणिस्ताननं न्यूझीलंडला ७५ धावांत गुंडाळलं, बांगलादेशला हरवलं आणि सेमीफायनल गाठली. जलालाबादपासून काबूलपर्यंत रस्ते माणसांनी भरले. ते व्हिडिओ मीही पाहिले आणि आनंद झाला. मग लेकीनं मोबाइल हातात घेतला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, 'बाबा, यात एकही बाई नाहीये.' मी परत लावून बघितलं. खरंच नव्हती. त्याच दिवसांत तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी यांनी राशिदला व्हिडिओ कॉल करून अभिनंदन केलं. त्याची क्लिपही सगळीकडं फिरली. कुठल्याही सरकारला विजेत्या कर्णधारासोबत दिसायला आवडतं, तालिबानलाही आवडतं.

नर्सिंगचं शिक्षण बंद झालं त्या डिसेंबर २०२४ मध्ये मात्र राशिदनं उघड लिहिलं. इस्लाममध्ये शिक्षणाला मध्यवर्ती स्थान आहे, देशाला महिला डॉक्टर आणि नर्स हव्यात, हा निर्णय परत विचारात घ्या. स्वतःच्या नावानं, लाखो लोक वाचतात अशा ठिकाणी. नबीनंही लिहिलं. आपल्याकडं यावर दोन प्रतिक्रिया आल्या. काहींनी 'वाघ!' म्हटलं, काहींनी 'इतकी वर्षं कुठं होतास?' म्हटलं. मला दोन्ही उथळ वाटल्या. या माणसाचं लग्न दोनच महिने आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, काबूलमध्येच झालेलं. त्याची मुळं, माणसं तिथली आहेत. पुण्यात एसीत बसून तालिबानविरुद्ध पोस्ट टाकायला काही लागत नाही, हे मी स्वतःला धरून म्हणतोय. आणि आपल्याकडचे किती मोठे खेळाडू आपल्या सरकारच्या एखाद्या निर्णयाविरुद्ध एक ओळ तरी लिहितात? जंतरमंतरवर कुस्तीपटू पोरी बसल्या होत्या तेव्हा आजी क्रिकेटपटूंपैकी किती जण बोलले, ते आठवून बघा. आपल्याकडं तर बोलल्यावर फार तर जाहिरात जाते.

आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर काही वर्षं अफगाण विद्यार्थी भाड्यानं राहत होते. त्यातला एक मॅच असली की आमच्याकडं टीव्हीवर बघायला यायचा. हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेला. त्याची धाकटी बहीण सहावीनंतर घरी बसलेली, भावानं इथून पाठवलेल्या पीडीएफवर इंग्रजी शिकत होती. राशिदच्या त्या पोस्टीनंतर जिन्यात भेटला तेव्हा मी विषय काढला. म्हणाला, 'अंकल, उसने लिखा, अच्छा लगा. बहन ने भी पढ़ा. लेकिन स्कूल तो बंद ही है.' त्याच्या बोलण्यात राशिदबद्दल तक्रार नव्हती. एक गोलंदाज किती करू शकतो याचा त्याला आपल्यापेक्षा नीट अंदाज होता.

मी विचारलं, मग तुमच्या टीमशी कुणी खेळूच नये असं वाटतं का? त्याला हसू आलं. म्हणाला, बहीण मॅच बघते, लोड शेडिंग नसेल तर. ती एक गोष्ट आहे जी अजून बंद केलेली नाही. ती पण तुम्ही लोक बंद करणार का?

हे ऐकल्यावर बहिष्काराची भाषा करणं मला तरी जमत नाही. पण बहिष्काराची बाजू मांडणारे मूर्ख नाहीत, त्यांच्याकडं भक्कम दाखला आहे. दक्षिण आफ्रिकेला १९७० ते १९९१ क्रिकेटमधून बाहेर ठेवलं होतं. १९७४ मध्ये आपण डेव्हिस कपच्या फायनलला पोचलो होतो आणि समोर दक्षिण आफ्रिका आहे म्हणून खेळलो नाही. चषक सोडून दिला. भारतानं घेतलेल्या चांगल्या निर्णयांपैकी तो एक. मग तोच न्याय इथं का नको?

मला दिसणारा फरक सांगतो. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या मतदारांनीच ते सरकार निवडून दिलेलं होतं. क्रिकेट बंद झाल्याची कळ त्यांना लागायची आणि सरकारला त्यांचं ऐकावं लागायचं. तालिबानला कुणी निवडलेलं नाही. हा खेळ त्यांनी रुजवलेला नाही, छावणीतल्या पोरांनी रुजवला. उद्या संघावर बंदी आली तर तालिबान शाळा उघडेल असं मानायला काहीही आधार नाही. नुकसान होईल ते राशिदला बघून गल्लीत गुगली टाकणाऱ्या पोरांचं आणि वरच्या मजल्यावरच्या त्या मुलाच्या बहिणीचं.

म्हणजे मग नुसत्या टाळ्या वाजवायच्या का? नाही. दोन संघ होते, एक खेळतोय आणि एक खेळू दिला जात नाही. दुसऱ्या संघाचं काय, हा प्रश्न जिवंत ठेवायचा. तो विचारायचा ज्याच्या हातात काही आहे त्याला.

२०२४ मध्ये त्या मुलींपैकी १७ जणींनी आयसीसीला पत्र लिहिलं. आम्हाला ऑस्ट्रेलियात निर्वासित संघ म्हणून उभं राहू द्या, एवढीच मागणी. ३० जानेवारी २०२५ ला मेलबर्नच्या जंक्शन ओव्हलवर त्या पहिल्यांदा एकत्र खेळल्या, नाहिदा सपानच्या नेतृत्वाखाली. देश सोडल्याला तीन वर्षं होऊन गेली होती. हरल्या, पण खेळल्या. एप्रिल २०२५ मध्ये आयसीसीनं त्यांच्या मदतीसाठी कार्यगट जाहीर केला. त्यात बीसीसीआय, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाची बोर्डं आहेत, निधीचं आश्वासन आहे. चांगली गोष्ट. पण मदत देणं वेगळं आणि संघ म्हणून मान्यता देणं वेगळं. अफगाण बोर्डाला पूर्ण सदस्य म्हणून आयसीसीकडून दरवर्षी मोठा वाटा मिळतो. त्यातला काही भाग या मुलींच्या संघासाठी बाजूला काढायला आयसीसीला तालिबानची परवानगी लागत नाही. इच्छा लागते.

आणि आता आपलं घर. ज्या मुत्तकींनी राशिदला व्हिडिओ कॉल केला होता, ते ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत आले. आपल्या सरकारनं त्यांचं स्वागत केलं, काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा द्यायचं जाहीर केलं. परराष्ट्र धोरणात असं करावं लागतं, हे मी समजू शकतो. पण त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेशच नव्हता. आपल्या राजधानीत! ओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी परिषद घेतली, तेव्हा महिला समोर बसल्या. परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं की त्या परिषदेशी आमचा संबंध नव्हता. तरीही मला त्यातून एक गोष्ट दिसली. दिल्लीत ओरडल्यावर दोन दिवसांत दार उघडलं. म्हणजे ज्यांना आपल्याकडून काही हवं आहे, त्यांच्यावर आपल्या ओरडण्याचा परिणाम होतो.

अफगाण क्रिकेटला आपल्याकडून बरंच काही हवं असतं. मैदानं आपली, आयपीएल आपलं, प्रायोजकांची बाजारपेठ आपली. राशिदला ट्रोल करून यातलं काही वापरलं जात नाही.

त्यामुळं पुढची मॅच आली की मी बघणार. राशिद गोलंदाजीला आला की हातातला चहा तसाच राहणार. आणि त्याच दिवशी नाहिदा सपानच्या संघाची मान्यता कुठवर आली, हे विचारणारी पोस्टही टाकणार. तुम्हीही टाका. बीसीसीआयला टॅग करा, आयसीसीला करा. डिसेंबर २०२४ पासून आयसीसीचे अध्यक्ष जय शहा आहेत. विचारायला फार लांब जावं लागत नाही.